गोऱ्यांची लदेणी

खेमानं ज्वारीचं अर्धं पोतं बैलाच्या पाठीवर अलगद ठेवलं, हात काढून घेतला आणि आकडे मोजायला सुरुवात केली. चाळीसपर्यंत बैल शहाण्यासारखा उभा राहिला. एकेचाळीसला त्यानं कातडी थरथरवली, शेपटी झाडली आणि पोतं धप्पकन खाली आलं. काल त्यानं तिसालाच पाडलं होतं, म्हणजे सुधारणा होती. फक्त लग्न नऊ दिवसांवर आलं होतं, आणि खेमाला हा बैल तीनशेपर्यंत जागचा न हलता उभा राहायला हवा होता.

तीनशे हा आकडा त्यानं उगाच धरला नव्हता. तांड्यातली पोरगी सासरी निघाली, की तिला सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभं करायचं, आणि तिनं दोन्ही हात वर करून आईबापाचा, भावंडांचा, तांड्याचा, अगदी पाणवठ्याचासुद्धा रडत-गात निरोप घ्यायचा, अशी त्यांची जुनी रीत. त्या गाण्याला हवेली म्हणतात. मनापासून म्हटलेली हवेली तीनशे मोजेपर्यंत सहज चालते. पण पुसेगावच्या बाजूच्या त्या तांड्यात आता ट्रॅक्टर आले होते, बैल गेले होते आणि नवरी उंबऱ्यातून सरळ जीपमध्ये बसू लागली होती. खेमाचा थोरला भाऊ रामसिंग तांड्याचा नाईक. त्याच्या दावणीला तेवढी एक जोडी उरली होती. त्यातला गरीब बैल खेमानं महिनाभरासाठी मागून आणला होता. गरीब म्हणजे मारका नव्हता, एवढंच. डोकं त्याचं स्वतःचं होतं.

"बा, तुमी त्याला महिनाभर शिकवून राहिले," दारात उभी राहून बघणारी संगिता म्हणाली. "मला एकदा तरी इचारलं का?"

विचारलं नव्हतं, हे खरं. संगिता त्याची धाकटी. हिंगोलीला राहून डी.एड. झालेली, आणि नवरा मिळाला तोही मास्तरच. घरात सगळे गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत बोलायचे, पण संगिता रागावली की मराठीवर यायची, आणि मग खेमालाही उत्तर मराठीतच द्यावं लागायचं. गेल्या आठवड्यापासून त्या घरात मराठीच चालू होती. तिचं म्हणणं सरळ होतं. कॉलेजातल्या मैत्रिणी येणार, नवऱ्याकडची माणसं येणार, वर शूटिंगवाला येणार. बैलावर उभं राहून हात वर करून ती ओरडतेय, हे त्याच्या कॅमेऱ्यात गेलं की जन्मभर सासरी पाहुणा आला की सीडी लागणार. शिवाय तिला सांगितल्या वेळी रडू येत नाही, हे तर वेगळंच.

"तुझ्या याडीला हवेली मिळाली न्हाई," खेमा म्हणाला. याडी म्हणजे आई.

"मंग त्येची भरपाई मी काहून करू?"

खेमानं पोतं उचललं आणि पुन्हा बैलाच्या पाठीवर ठेवलं.

मिराबाईचं आणि त्याचं लग्न बहात्तरच्या दुष्काळात झालं होतं. दोन्ही घरची माणसं कालव्याच्या कामावर माती उपसायला आली होती आणि शेजारशेजारच्या झोपड्यांत राहत होती. बैल कुणाकडेच उरले नव्हते. कुणी कवडीमोलानं विकले होते, कुणाचे छावणीत बसले ते उठले नव्हते. हळद लागली ती मुकादमाच्या परवानगीनं, दुपारच्या सुट्टीत. माहेरच्या झोपडीपासून सासरच्या झोपडीपर्यंत वीस पावलं. मिराबाई ती पावलं चालत आली आणि दुसऱ्या दिवशी घमेलं घेऊन परत कामावर उभी राहिली. निरोप कुणाचा आणि कशावर उभं राहून घेणार? तिनं कधी तक्रार केली नाही. पण तांड्यात कुणाची हवेली लागली की खेमा खाली मान घालून तिथून सटकायचा. पुढं बरे दिवस आले, विहिरीला पाणी लागलं, तरी हे काही त्याच्या मनातून गेलं नाही. मिराबाईला जाऊन आता पाच वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्याचा थोरला पोरगा विकास नांदेडहून आला. तिथं तो पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायच्या दुकानात कामाला होता. पिशवी टेकवायच्या आधीच त्यानं आतून सीडीची एक चपटी चकचकीत डबी काढली आणि बापापुढं धरली. डबीवर मोठ्या टोप्या घातलेले तीन गोरे होते, आणि त्यांच्या मागं चक्क कुल्ल्यांवर बसलेला एक घोडा.

"तुमचं पिच्चर," विकास म्हणाला. "नवं काढलंय म्हणं. धुऊन-पुसून साफ करून, हिंदीत. दुकानात दिसलं तर मी घोड्यावरून वळखलं."

खेमानं हात सदऱ्याला पुसले आणि डबी घेतली. बराच वेळ तो त्या घोड्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांनी गावचं माणूस परगावच्या बाजारात भेटावं, तसं त्याला झालं.

ब्याण्णव साली खेमानं हिंगोलीच्या एका बंद पडलेल्या व्हिडिओ हॉलवाल्याकडून जुना व्हीसीआर घेतला होता. लग्न असो, बारसं असो, टीव्ही भाड्यानं आणायचा, तीन कॅसेटा आणायच्या आणि तांड्याच्या मधोमध खेळ लावायचा. एकदा त्यांच्याच तांड्यातल्या एका बारशाला त्यानं देवाचा सिनेमा लावतो म्हणून सांगितलं. डबीवर देवच होता. कॅसेट मशीनमध्ये घातली, तर आतून निघाले घोड्यांवरचे गोरे. दुकानदारानं घाईत कॅसेट बदलून दिली होती. माणसं अंगणभर बसलेली, पोरंबाळं पुढं, म्हातारे बाजेवर. परत हिंगोलीला जायचं तर रात्र सरणार. खेमा टीव्ही बंद करायला वाकला, तेवढ्यात पडद्यावर धूळ उडवत शेकडो गुरं आली आणि बाजेवरचे म्हातारे ताठ बसले.

रामसिंगनं विचारलं होतं, हा कुणाचा तांडा म्हणून. खेमानं सांगितलं, गोऱ्यांचा. लदेणी करतात का? करतात, खेमा म्हणाला. लदेणी हा त्यांच्या वाडवडलांचा धंदा. बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलुखच्या मुलुख चालत जायचं. आगगाडी आली आणि तो धंदा बसला. तेव्हा गोऱ्यांतही आपल्यासारखे आहेत म्हटल्यावर म्हातारे खूश झाले, पण त्यांचे डोळे चांगले होते. बैलांच्या पाठीवर माल कुठाय, असं त्यांनी लगेच विचारलं. खेमा क्षणभरच अडकला. मग म्हणाला, माल विकून रिकामे परत चाललेत. त्या एका थापेतून पुढचा सव्वादोन तासांचा सिनेमा बाहेर पडला.

खेमा सातवी पास. इंग्रजीतलं त्याला दुकानाच्या पाटीपलीकडं काही येत नव्हतं. पण तो टीव्हीशेजारी उभा राहिला आणि पडद्यावरचं तोंड हललं की गोरमाटीत बोलत गेला. छातीवर चांदणी लावलेला ढेरपोट्या त्यानं जंगलखात्याचा गार्ड केला आणि त्याला चराईच्या पैशांसाठी त्या तिघांच्या मागं लावला. बंदूक वाजली की मटकन खाली बसणारा घोडा त्यानं सासुरवाडीहून आणलेला केला. लोक पोट धरधरून हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच लाव म्हणाले. त्या सिनेमाचं खरं नाव कुणी विचारलं नाही, तांड्यानं त्याला 'गोऱ्यांची लदेणी' म्हटलं. पुढं सहा वर्षं खेमा ती कॅसेट घेऊन कळमनुरीपर्यंतच्या तांड्यांतून हिंडला. देवाचे सिनेमे कुणीही लावायचं, हा सिनेमा फक्त खेमाचा होता.

आणि त्या सिनेमात ती जागा होती. शेवटाकडं, त्या तिघांसोबत गाडीत स्वयंपाक करत फिरणारी जाड बाई एका मोठ्या बैलाच्या पाठीवर उभी राहते, दोन्ही हात वर करते आणि मोठ्यानं काही म्हणू लागते. भोवती गाव जमलेलं. बैल हळूहळू चालू लागतो, बाई म्हणतच राहते, गाव हात हलवत मागं राहतं. पहिल्या वेळी खेमाच्या तोंडून आपसूक निघून गेलं, की बाईचं लग्न झालंय, आता ती हवेली म्हणून राहिली. मग बायकांतून आवाज उठला. खेमानं वळून बघितलं तर मिराबाई होती. पुढं बाजेवर रामसिंग, म्हणजे थोरला दीर, बसलेला, म्हणून तिनं ओढणी हनुवटीपर्यंत ओढलेली. मांडीवर सहा वर्षांची संगिता. खांदे गदगदत होते, आणि त्या ओढणीतून मिराबाई हवेली म्हणत होती. सगळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. ज्या जागी बाकीचं जग काय करत असेल ते असो, त्या तांड्यात तिथं डोळ्यांना पदर लागायचे.

त्यानंतर तांड्यात जितक्या वेळा खेळ लागला, तितक्या वेळा मिराबाईनं त्या जागी हवेली म्हटली. खेमाला चित्रं आता पाठ होती. तो पडद्याकडं पाठ करून उभा राहायचा आणि तिच्याकडं बघत राहायचा. वीस वर्षांनी का होईना, बाईला तिची हवेली मिळाली, असं त्याला वाटायचं. आत कुठंतरी दुखायचंही. घरी गेल्यावर या गोष्टीचा त्यानं कधी उच्चार केला नाही, तिनंही केला नाही. पुढं कॅसेटला बुरशी लागली, उरलेली फीत मशीननं खाल्ली आणि घरोघरी टीव्ही आले.

आता ती डबी हातात धरून खेमानं मनाशी ठरवलं. संगिताला काय कळतंय हवेली म्हणजे काय ते? तिला ती जागा एकदा दिसू दे. आपली आई कशी रडायची ते आठवलं, की ती काही न बोलता बैलावर चढेल. एक धास्तीही होती. आता ते गोरे हिंदीत बोलणार होते, आणि हिंदी तांड्यात शेंबड्या पोराला कळत होती. पण बाई बैलावर उभी राहून हात वर करते म्हटल्यावर, कोणत्याही भाषेत ती निरोपाशिवाय दुसरं काय म्हणणार, असा त्याचा विचार.

भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणं त्या आठवड्यात लाइट दुपारी बारा ते चार होती. रविवारी साडेबारालाच खेमाच्या घरात माणूस मावेना. विकासनं खिडक्यांना गोणपाट लावलं. रामसिंगला पुढं खुर्ची दिली. तांड्यातली सगळ्यांत थकलेली म्हातारी रुख्मिणीबाई, तिला दोघींनी धरून आणून भिंतीला टेकवून बसवलं. खेमा सवयीनं टीव्हीशेजारी जाऊन उभा राहिला.

"बा, बसा तुमी," विकास म्हणाला. "आता सांगायचं काम न्हाई. सगळं तेच बोलतेत."

खेमा बसला. हात कुठं ठेवावेत हे त्याला थोडा वेळ कळलं नाही.

चित्र खरोखर धुतल्यासारखं झालं होतं. धुळीतल्या गुरांचे डोळेसुद्धा दिसत होते. म्हाताऱ्यांनी समाधानाचा हुंकार दिला. मग टोपीवाला नायक घोड्यावरून हिंदीत बोलला, आणि रुख्मिणीबाई मोठ्यानं म्हणाली की हा त्याचा आवाज नाही, त्याला सर्दी झाली असेल. तिच्या हिशेबी तिचंच बरोबर होतं. सहा वर्षं तो गोरा खेमाच्या आवाजात बोलला होता.

दहाव्या मिनिटाला घोटाळा झाला. त्या तिघांतला एक दुसऱ्याला सांगत होता, की ही सगळी गुरं रेल्वेपर्यंत न्यायची, तिथून ती डब्यात भरून शहरातल्या कसाईखान्यात जाणार, मग आपण मोकळे. रामसिंगनं मान मागं वळवली.

"खेमा, हे माल इकून रिकामे परत येऊन राहिले व्हते ना?"

"हिंदीवाल्यानं बदललं आसंल, भिया," खेमा म्हणाला. थोरल्या भावाला तो भिया म्हणायचा.

नाईकानं ते मान्य केल्यासारखं केलं. पण पुढं खेमानं रचलेल्या गोष्टीचं एकेक लाकूड निखळत गेलं. गार्ड निघाला फौजदार. त्याला चराई नको होती, त्याला त्या जाड बाईविरुद्ध गावची निवडणूक जिंकायची होती. सासुरवाडीच्या घोड्याला कुणाची सासुरवाडी नव्हती. पोरं हसत होती, आणि सिनेमाला हसताहेत की खेमाला, हे खेमाला ओळखू येत नव्हतं. तो घामाघूम झाला होता. एकच जागा राहिली होती, तेवढी धडपणे निघावी, म्हणून तो संगिताकडं डोळा ठेवून बसला होता. ती चुलत्याच्या खुर्चीमागं, बायकांत बसली होती.

जागा आली. बाई बैलावर चढली, दोन्ही हात वर केले आणि खड्या हिंदीत म्हणाली, की भावांनो, मला मत द्या. दारूचं दुकान बंद करते. दाढी न करणाऱ्या पुरुषाला दंड लावते. नवऱ्यानं आठवड्यातून दोनदा भांडी घासायची, असा कायदा करते. लोक टोप्या उडवत होते. बैल चालू लागला तरी तिला पत्ता नाही. गावाबाहेर गेली, काटेरी झुडपांत गेली, पुढं माणूस नाही की काणूस नाही, तरी तिचं भाषण चालूच. सगळी खोली फुटली. नाईक खुर्चीत पुढं वाकून हसला. ज्या बायका एकेकाळी इथं रडल्या होत्या, त्या पदर तोंडात कोंबून हसल्या. आणि संगिता तर इतकी हसली, की तिला शेजारणीच्या खांद्यावर डोकं टेकावं लागलं.

खेमा उठला आणि माणसांच्या गुडघ्यांवरून वाट काढत बाहेर आला.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. बैल गोठ्याच्या सावलीत रवंथ करत बसला होता. खेमा त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि उगाच त्याच्या मानेवरचे गोचीड शोधू लागला. त्याला मिराबाईपुढं लाज वाटत होती. तिचं सगळ्यांत जपून ठेवलेलं दुःख आपण पेटीतून काढून आणलं आणि तांड्याला हसायला दिलं, असं त्याला वाटत होतं. त्यात तिची पोरगी सगळ्यांत जास्त हसली.

मागं संगिताच्या चपला वाजल्या.

"काय झालं, बा? तब्येत बरी हाये ना?"

"त्या जागी तुझी याडी रडायची," खेमा तिच्याकडं न बघता म्हणाला. "अन् तू हसली."

बाप थट्टा करतोय की काय, हे संगितानं आधी नीट बघितलं.

"याडी रडत न्हवती," ती म्हणाली. "हसायची."

"म्या समोर उभं राहून पाहिलं हाये. आंग कसं गदगदायचं तिचं."

"तुमाला वरून ओढणी दिसायची. मी मांडीवर पडलेली, मला खालून तोंड दिसायचं." संगितानं आवाज खाली आणला. "माझं डोकं तिच्या पोटावर राहायचं, बा. पोट आसं हालायचं, की मला झोपू देत न्हवतं. दातात ओढणी धरायची. दुसऱ्या बाया खऱ्याच रडून राहिल्या की तिला अजून यायचं."

खेमाचा हात बैलाच्या मानेवर तसाच राहिला.

"मंग हवेली काहून म्हणायची?"

"हसू फुटू नये म्हणून आसंल. मी बी इचारलं एकदा, याडी, काहून हसून राहिली. तर माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणली, चूप, तुझा बाप लई जीव तोडून सांगून राहिला."

घरातून पुन्हा हसण्याचा लोट आला. बैलानं कान हलवला.

"मला तू कदी सांगितलं न्हाई," खेमा म्हणाला.

"मला वाटलं, तुमाला ठाऊक हाये."

खेमाला आधी राग आला. कुणाचा, ते सांगता आलं नसतं. इतकी वर्षं तो एक ओझं घेऊन चालला होता, आणि जिचं म्हणून चालला होता ती ओढणीआड हसत होती. मग त्याला नांदेडचा दवाखाना आठवला. शेवटच्या दिवसांत एकदा धीर करून तो मिराबाईला म्हणाला होता, की तुझी हवेली राहून गेली, मला माफ कर. तिनं चादर तोंडावर ओढली आणि भिंतीकडं वळली. चादरीखाली तिचे खांदे हलले. तिला मोकळं रडू द्यावं म्हणून तो उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसला होता, चांगला तासभर. आता उन्हात उभं राहून त्याला वाटलं, तिथं बसायला हवं होतं. नुसतं चादरीचं टोक उचलून बघायला हवं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याबरोबरच इतकं बरं वाटलं, की त्याला दोन्हींचं काय करावं ते कळेना. ती सुखात होती. त्याच्या थापा ऐकत, पोरीला मांडीवर घेऊन, ती बाई सुखात होती.

"तुला बराबर याद हाये ना?" त्यानं विचारलं.

"बराबर याद हाये."

खेमानं गोठ्याच्या कोपऱ्यातल्या माठातलं पाणी तोंडावर मारलं आणि तो घरात गेला. सिनेमा संपला होता. माणसं उठू लागली होती, पोरं दारात कोंडली होती. लाइट जायला अजून तासभर होता. खेमानं विकासला सांगितलं, की ती बैलाची जागा परत लाव. लोक आपसूक थांबले. आता हा उभा राहून आपल्या भाषेत सांगणार, असं वाटून रुख्मिणीबाईनं धरलेला हात सोडला आणि पुन्हा भिंतीला टेकली.

पण खेमा टीव्हीशेजारी गेला नाही. तो बायकांच्या जागी, खाली सतरंजीवर, पडद्याकडं तोंड करून बसला. संगिता त्याच्याजवळ बसली. ही जागा त्यानं शंभरदा लावली होती, आणि नीट बघितली ती फक्त पहिल्या वेळी, तीही अर्धी. पुढच्या सगळ्या वेळा तो तिकडं पाठ करून उभा होता. बैलाचं तोंड त्याला आता दिसलं. त्या बैलाला बाईच्या भाषणाशी काही घेणंदेणं नव्हतं. पुढं चाललेल्या एका म्हाताऱ्याच्या गवताच्या टोपीवर त्याची नजर होती, आणि म्हातारा जीव घेऊन पळत होता. बाईच्या एका पायात बूट होता, एका पायात नव्हता. झुडपांत शिरतानाही तिनं मतदारांना नमस्कार केला.

खेमाच्या पोटातून काहीतरी वर आलं. त्यानं खांद्यावरचा टॉवेल तोंडावर दाबला, पण ते टॉवेलात मावेना. तो हसला. आधी खोकल्यासारखा, मग मोकळ्या आवाजात, मग सगळ्या अंगानं. विकास रिमोट धरून बघतच राहिला. बापाला त्यानं लोकांना हसवताना बघितलं होतं, स्वतः असं हसताना कधी बघितलं नव्हतं. संगितानं बापाच्या पाठीवर हात ठेवला आणि तीही पुन्हा सुरू झाली.

माणसं पांगल्यावर रामसिंग अंगणात थांबला. पाऊस तोंडावर आला होता आणि त्याच्या रानातल्या वखराच्या पाळ्या राहिल्या होत्या, म्हणून बैलाची त्यालाही गरज होती. पण भावाच्या मनात काय आहे ते त्याला ठाऊक होतं आणि नाईक माणूस दिलेला शब्द परत घेत नाही. बैल लग्नापर्यंत ठेवायचा ना, असं त्यानं विचारलं. खेमा म्हणाला, नको, उद्या सकाळी घेऊन जा.

"काहून?" रामसिंगनं दाराकडं बघितलं. आत संगिता सतरंजी झटकत होती. "पोरगी आइकत न्हाई?"

"तसं न्हाई, भिया," खेमा म्हणाला. "पोरगी वर उभी राहिली, की तिच्या याडीला हसू आवरायचं न्हाई."